संशोधन-प्रतिमा स्पर्धेसाठी चित्र कसे निवडावे, किती सुधारावे आणि सोबत काय लिहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पीएचडीचे विद्यार्थी आहेत. बेंटोनाइट या चिकणमातीचे वेगवेगळ्या जाडीचे थर ट्रेमध्ये वाळवून त्यांत पडणाऱ्या भेगांचा ते अभ्यास करतात. त्यांच्या विद्यापीठाने संशोधनातील सौंदर्य दाखवणाऱ्या प्रतिमांची स्पर्धा जाहीर केली आहे. जीवशास्त्र विभागातील मित्रांकडे हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या पेशी आहेत आणि आपल्याकडे मात्र करड्या मातीची छायाचित्रे, असे त्यांना वाटते. म्हणून ते विचारतात की या छायाचित्रांना रंग देण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे, तसे करणे नियमांत बसते का, आणि सोबतच्या मजकुरात काय लिहावे.

मी एका विद्यापीठात सूक्ष्मदर्शक आणि वैज्ञानिक छायांकनाची सुविधा बरीच वर्षे सांभाळते आहे आणि अशा स्पर्धांच्या निवड समित्यांवर अनेकदा काम केले आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की सॉफ्टवेअरचा प्रश्न सर्वांत शेवटचा आहे. तुमच्याकडे साठलेल्या असंख्य छायाचित्रांपैकी कोणत्या एका छायाचित्रात तुमच्या संशोधनाचा प्रश्न नुसत्या डोळ्यांना दिसतो, हा खरा प्रश्न आहे. ते छायाचित्र सापडले की रंगाचे, कातरणीचे आणि मजकुराचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. ते सापडले नाही, तर कितीही चांगले सॉफ्टवेअर वापरले तरी हाती एक सजवलेले चित्र येते, आणि परीक्षकांना तो फरक लगेच कळतो.

आधी स्पर्धेचे स्वरूप समजून घ्या, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. निकॉन कंपनीची ‘स्मॉल वर्ल्ड’ ही स्पर्धा १९७५ पासून चालते. ती सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांची आहे आणि तिथे तांत्रिक कौशल्याला मोठे वजन असते. विद्यापीठांच्या स्पर्धांची परंपरा निराळी आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००५ साली ‘आर्ट ऑफ सायन्स’ हे प्रदर्शन सुरू केले आणि स्वान्सी विद्यापीठाने २००९ साली ‘रिसर्च ॲज आर्ट’ ही स्पर्धा सुरू केली. अशा ठिकाणी प्रतिमा संशोधनाच्या ओघात निर्माण झालेली असावी आणि तिच्यामागची गोष्ट संशोधकाने स्वतः सांगावी, अशी अपेक्षा असते. त्यामुळे तिथे इतिहासाचा अभ्यासक जुन्या हस्तलिखिताच्या समासाचे छायाचित्र देतो, गणिताचा विद्यार्थी समीकरणातून निघालेला आलेख देतो, आणि दोघांनाही पेशींच्या छायाचित्राइतकीच संधी असते. तुमच्या विद्यापीठाची नियमावली मी पाहिलेली नाही. म्हणून रंग भरणे, अनेक छायाचित्रे जोडणे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर या तीन बाबींवर तिच्यात काय म्हटले आहे ते शब्दशः वाचा, आणि काहीच म्हटले नसेल तर आयोजकांना ईमेल करून लेखी उत्तर मिळवा.

आता निवडीकडे वळू. तुमचा विषय चित्राच्या दृष्टीने गरीब आहे, हे मला अजिबात मान्य नाही. मातीचा थर वाळताना आकसू पाहतो, पण तळाला चिकटलेला असल्यामुळे त्याला मोकळेपणाने आकसता येत नाही आणि त्याच्यात ताण साठत जातो. पहिली भेग पडते तेव्हा तिला आडवा असलेला ताण मोकळा होतो. तिच्या लांबीच्या दिशेचा ताण मात्र शिल्लक राहतो. पुढची भेग नेहमी त्या ठिकाणच्या सर्वाधिक ताणाला काटकोनात जाते, म्हणून जुन्या भेगेजवळ येताच ती वळते, तिला जवळजवळ काटकोनात मिळते आणि तिथेच थांबते, कारण मोकळ्या फटीपलीकडे ताण पोहोचत नाही. याचा अर्थ असा की अशा प्रत्येक सांध्यावर कोणती भेग आधीची आणि कोणती नंतरची, हे एका स्थिर छायाचित्रावरून सांगता येते. सरळ पुढे गेलेली आधीची, येऊन थांबलेली नंतरची. काळाचा क्रम एका चित्रात वाचता येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. चमकणाऱ्या पेशींच्या पुष्कळ चित्रांत ती नसते.

म्हणून छायाचित्रे चाळताना संपूर्ण ट्रे दाखवणारी चित्रे बाजूला ठेवा आणि असा भाग शोधा जिथे एक लांब, वळणदार, स्पष्टपणे पहिली भेग आहे, तिला मिळणाऱ्या तीन-चार दुसऱ्या पिढीतील भेगा आहेत, आणि त्यांच्यामध्ये केसासारख्या बारीक, अर्ध्यात संपलेल्या तिसऱ्या पिढीतील भेगा आहेत. ती अर्धवट भेग मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण घटना अजून चालू आहे हे तिच्यावरून दिसते. आणखी एक पर्याय आहे. भेगांमधले अंतर थराच्या जाडीच्या प्रमाणात वाढते, आणि तुम्ही जाडी बदलून प्रयोग करता. तुमच्याकडे एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड असा उतरता थर वाळवल्याचे छायाचित्र असेल, तर त्यात लहान फरशा (म्हणजे भेगांमधले मातीचे तुकडे) हळूहळू मोठ्या होत गेलेल्या दिसतील आणि तुमच्या प्रबंधातला एक मुख्य संबंध कोणत्याही आलेखाशिवाय मांडला जाईल. थर वारंवार ओला करून वाळवला असेल तर काटकोनी सांधे हळूहळू १२० अंशांच्या तिहेरी सांध्यांकडे सरकतात. पहिल्या आणि शेवटच्या फेरीची जोडी नियमांत बसत असेल तर तीही उत्तम ठरेल.

असे चित्र तुमच्याकडे नसेल आणि नव्याने काढायचे असेल, तर प्रयोग तोच ठेवा, फक्त छायांकन बदला. केवळ स्पर्धेसाठी मातीत रंग मिसळून किंवा सुईने भेग सुरू करून घेतलेले चित्र मला निवड समितीत खटकते, आणि ते तसे आहे हे मजकुरात लिहिलेले नसेल तर ते मी नाकारण्याच्या बाजूने मत देते. तुम्ही मोजमापासाठी काढलेली छायाचित्रे बहुधा वरून पडणाऱ्या, सपाट, सावलीरहित प्रकाशात घेतलेली असतील. भेगांची लांबी-रुंदी संगणकाने मोजण्यासाठी तेच योग्य असते, पण त्याच प्रकाशामुळे माती निर्जीव दिसते. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच दिवा ट्रेच्या पृष्ठभागापासून दहा-पंधरा अंशांच्या कोनात ठेवा. वाळलेल्या फरशांच्या कडा किंचित वर उचललेल्या असतात. कडेने येणाऱ्या प्रकाशात त्या उजळतात, भेगा काळ्या होतात आणि पृष्ठभागाचा कण न् कण दिसू लागतो. माती अजून ओलसर असेल तर तिच्यावर दिव्याचे पांढरे डाग पडतात. दिव्यासमोर एक आणि लेन्सवर एक असे दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारे फिल्टर) लावून ते एकमेकांना आडवे फिरवले की ते डाग जातात.

या प्रकाशात एक सूक्ष्म धोका आहे. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. चित्रात उजेड खालच्या बाजूने येत असेल तर पुष्कळ प्रेक्षकांना खोलगट भाग उंच आणि उंच भाग खोलगट दिसतो. चंद्रावरच्या विवरांच्या छायाचित्रांत हा भ्रम प्रसिद्ध आहे. तुमच्या भेगा अशाने मातीवर उमटलेल्या वरंब्यांसारख्या दिसतील. चित्र भिंतीवर लावताना प्रकाश वरून किंवा वर डावीकडून येईल अशी त्याची दिशा ठेवा आणि ती दिशा अर्जात स्पष्ट लिहा, कारण मातीच्या छायाचित्राला वरची बाजू कोणती हे छापणाऱ्याला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

पिक्सेलचा हिशेब आधीच करून ठेवा. ए३ आकारात इंचाला ३०० पिक्सेल या दराने छापायचे तर सुमारे ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. ६००० × ४००० पिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यात ते बसते. परंतु त्याच छायाचित्राची रुंदी कातरून निम्मी केली तर उरलेल्या ३००० पिक्सेलना ए३ वर इंचाला जेमतेम १८० चा दर मिळतो. दूरवरून पाहण्याच्या चित्राला तेवढे पुरते, पण तुमच्या केसासारख्या भेगांना पुरत नाही. समजा भेग ०.१ मिलिमीटर रुंद आहे. चौकटीत २० सेंटिमीटर रुंदीचा भाग घेतला तर ती तीन पिक्सेल व्यापते आणि स्वच्छ दिसते. चौकटीत ६० सेंटिमीटरचा ट्रे घेतला तर ती पिक्सेलभराची उरते आणि मधूनमधून नाहीशी होते. म्हणजे मागाहून कातरण्यापेक्षा कॅमेरा जवळ नेणे केव्हाही चांगले. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) जपून ठेवा, काम १६ बिटांच्या टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये करा, आणि आकाराने लहान जेपेग फक्त अर्जासोबत पाठवण्यासाठी बनवा.

आता रंगाकडे येऊ. तुमच्या मित्रांच्या पेशींविषयी एक गोष्ट सांगते, म्हणजे मनातला न्यूनगंड जाईल. रंजकांमुळे चमकणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या प्रतिदीप्त सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा किंवा शोधक बहुतेक वेळा फक्त प्रकाशाची तीव्रता नोंदवतो. प्रत्येक रंजकाची एक करडी प्रतिमा मिळते आणि हिरवा-निळा रंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये दिला जातो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा तर मुळातच रंगहीन असतात. १९९५ साली हबल दुर्बिणीने टिपलेल्या गरुड तेजोमेघातील स्तंभांच्या प्रतिमेत गंधकाच्या आयनांना तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनच्या आयनांना निळा रंग दिलेला आहे. प्रत्यक्षात त्या गंधकाचा आणि हायड्रोजनचा प्रकाश दोन्ही तांबडेच असतात. ते वेगळे ओळखू यावेत म्हणून हायड्रोजनला हिरवा रंग दिला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेली एम ८७ दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराची प्रतिमा १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींवरून तयार झाली. तिचा नारिंगी रंग निवडलेला आहे. या कोणत्याही उदाहरणात फसवणूक नाही, कारण रंग कशासाठी आहे हे सांगितलेले आहे आणि त्या रंगामागे एक मोजलेली राशी आहे.

हीच कसोटी तुम्ही वापरा. फरशांना निळा, जांभळा, सोनेरी असे मनाप्रमाणे रंग दिले तर प्रेक्षक साहजिकच विचारेल की निळी फरशी आणि सोनेरी फरशी यांत फरक काय, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. पण तुम्ही ठरावीक अंतराने छायाचित्रे घेत असाल, तर प्रत्येक भेग केव्हा पडली हे तुमच्या नोंदींत आहेच. भेगांना त्यांच्या वयाप्रमाणे रंग द्या. माती आकसताना भेगांच्या कडा सरकतात, म्हणून सुरुवातीची छायाचित्रे शेवटच्या छायाचित्रावर नुसती ठेवून चालणार नाही. शेवटच्या छायाचित्रातील भेगांच्या मध्यरेषा काढा आणि प्रत्येक रेषेला ती प्रथम ज्या छायाचित्रात दिसली त्याची वेळ द्या. रंगपट्टी गडदाकडून फिक्याकडे एकसारखी जाणारी घ्या, इंद्रधनुषी नको. इंद्रधनुषी पट्टीत पिवळा भाग विनाकारण उठून दिसतो आणि वयाचा क्रम कळत नाही. तांबडा आणि हिरवा यांची जोडीही टाळा, कारण युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना या दोन रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही आणि इतरत्रही असे लोक थोडे नाहीत. मातीचा मूळ करडा रंग मात्र तसाच राहू द्या. खरे सांगायचे तर कडेच्या प्रकाशातले चांगले करडे छायाचित्र मला रंगीत आवृत्तीपेक्षा जास्त आवडेल, पण हा माझ्या आवडीचा भाग झाला.

सुधारणा कुठे थांबवायची, याबद्दल मी कडक आहे. संपूर्ण चित्राची उजळता आणि कॉन्ट्रास्ट सारख्या प्रमाणात बदलणे, कातरणे, फिरवणे, पांढरा तोल साधणे (पांढरे ते पांढरेच दिसेल असे रंग जुळवणे), यांना माझी हरकत नसते. वेगवेगळ्या खोलीवर फोकस केलेली छायाचित्रे एकत्र करणे किंवा शेजारशेजारची छायाचित्रे जोडणे चालते, पण मजकुरात तसे लिहा. क्लोनने (चित्राचा एक भाग दुसरीकडे उतरवणाऱ्या साधनाने) नको असलेली भेग पुसणे, एका कोपऱ्यातली फरशी दुसरीकडे चिकटवणे, भेग जोडून पूर्ण करणे, हे चालत नाही. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतील प्रतिमांची अशा फेरफारांसाठी तपासणी सुरू केली, आणि आज बऱ्याच नियतकालिकांत ही शिस्त आहे. प्रदर्शनाला नियतकालिकाइतके काटेकोर असण्याची गरज नाही असे कोणी म्हणेल. तरीही तुमच्या नावाने, संशोधन म्हणून, भिंतीवर लागलेले चित्र उद्या तुमच्याच प्रबंधात येऊ शकते, आणि तेव्हा दोन आवृत्त्यांत भेगांची संख्या वेगळी असणे परवडत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी धार वाढवणारी आणि आकार मोठा करणारी साधने इथे विशेष घातक आहेत. तुमच्या चित्रातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे भेगेचे टोक, जिथे ती रुंदी गमावत मातीच्या कणांत विरून जाते. ही साधने रेषा पाहून अंदाज बांधतात आणि टोक पुढे ओढून देतात, किंवा दोन कणांमधली सावली भेग समजून नवी रेषा उमटवतात. उलट दाणेदारपणा कमी करणारी साधने खरी बारीक भेग गुळगुळीत करून टाकतात. दोन्ही प्रकारांत चित्र डोळ्यांना अधिक स्वच्छ वाटते, म्हणून चूक लक्षात येत नाही. वापर केलाच तर मूळ आणि सुधारित चित्र दुप्पट-चौपट मोठे करून टोके एकेक तपासा.

इथवरचे एकत्र सांगायचे तर: सांध्यांचा क्रम वाचता येईल असा लहान भाग, कडेचा एकच प्रकाश, पुरेसे पिक्सेल, आणि रंग दिलाच तर भेगेच्या वयाचा.

मजकुराला बहुतेक स्पर्धक शेवटची अर्धी संध्याकाळ देतात, आणि ते दिसून येते. मी ज्या समित्यांवर होते तिथे पहिल्या फेरीत चित्रे लहान आकारात, मजकुराशिवाय पाहिली जात. निर्णायक फेरीत मात्र चित्र आणि मजकूर एकत्र असत, आणि तेव्हा क्रम उलटापालटा होई. परीक्षकांत तुमच्या विषयाचा जाणकार बहुधा नसतो. एखादा चित्रकार, एखादी भाषाशास्त्रज्ञ, एखादा वैद्यकातला प्राध्यापक असे लोक असतात. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: मी काय पाहतो आहे, आणि हे पाहण्याची कोणाला गरज का पडली.

नेहमी येणारा मजकूर असा असतो: “प्रस्तुत प्रतिमेत बेंटोनाइटच्या थरातील शुष्कनजन्य भेगांचे आकृतिबंध दर्शविले असून, थराची जाडी व बाष्पीभवनाचा दर यांचा भेगांच्या घनतेवर होणारा परिणाम अभ्यासण्यात आला आहे.” यात चूक काहीच नाही, पण हे वाचून नजर चित्राकडे परत जात नाही. मी तो असा लिहीन: “चित्रातली कोणतीही दोन भेगांची भेट पाहा. जी भेग सरळ पुढे गेली ती आधी पडली. जी काटकोनात येऊन थांबली ती नंतर. अशा रीतीने मातीचा हा थर कोणत्या क्रमाने फुटला हे वाचता येते. कचरा साठवण्याच्या खड्ड्यांच्या तळाशी अशाच मातीचा थर घालतात, म्हणजे दूषित पाणी जमिनीत मुरत नाही. तो वाळून फुटला तर उपयोग संपतो. पहिली भेग कुठे आणि केव्हा पडेल, हे मी शोधतो आहे. चौकटीची रुंदी २० सेंटिमीटर. प्रकाश एका बाजूने. उजळता संपूर्ण चित्रात सारखी बदलली आहे.” पहिले वाक्य वाचकाला चित्रात काहीतरी करायला सांगते, आणि ते करून झाल्यावरच उपयोगाची माहिती येते, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. चौकटीची रुंदी देणे विसरू नका. प्रमाण कळले नाही तर तुमचा ट्रे कोणाला आकाशातून दिसणारे कोरडे सरोवर वाटेल. काही स्पर्धक त्या संभ्रमावर विसंबतात. मला ते आवडत नाही, कारण उलगडा झाला की बघणाऱ्याची चित्रातली गोडी संपते.

शीर्षक साधे ठेवा. “विश्वाचे नकाशे”, “निसर्गाची कविता” यांसारखी शीर्षके इतकी येतात की परीक्षकांच्या नजरेला ती दिसेनाशी होतात. “आधीची भेग, नंतरची भेग” एवढे पुरेसे आहे.

शेवटी परवानग्या, कारण निवड झालेले चित्र मागे घ्यावे लागण्याचे प्रसंग इथेच येतात. चित्रातले निष्कर्ष अप्रकाशित असतील तर मार्गदर्शकांची लेखी संमती घ्या. तुमच्या गटात या मातीच्या मिश्रणावर पेटंटचा विचार चालू असेल, तर अर्ज दाखल होण्यापूर्वी मजकुरात मिश्रणाचे घटक किंवा प्रमाण लिहू नका. अनेक देशांत सार्वजनिक प्रदर्शनही नावीन्य नष्ट करणारे प्रकटीकरण धरले जाते, आणि युरोपात त्याला सर्वसाधारण सवलतीचा कालावधी (आधी प्रकट करून नंतर अर्ज करण्याची मुभा) नाही. स्पर्धेच्या अटींत चित्राचे हक्क कोणाकडे जातात ते पाहा. विद्यापीठाला प्रसिद्धीसाठी वापरण्याचा परवाना देणे रास्त आहे, संपूर्ण हक्क देऊन टाकणे नाही, कारण हेच चित्र पुढे नियतकालिकाला द्यायचे असेल तर अडचण होते. आणि छायाचित्र घेताना ज्या तंत्रज्ञाने दिवा, कॅमेरा किंवा वाळवण्याची पेटी जुळवून दिली असेल, त्याचे नाव त्याला विचारून श्रेयात घाला.

फाइल पाठवण्यापूर्वी एक प्रत ए४ वर मॅट कागदावर छापून घ्या. मॅट कागद सावल्या गिळतो आणि पडद्यावर खोल दिसणाऱ्या भेगा छापल्यावर सपाट काळ्या पट्ट्या होतात. तसे झाले तर फक्त गडद छटा थोड्या उचला, तीच सुधारणा संपूर्ण चित्राला लावा, पुन्हा छापा, आणि केलेला बदल मजकुराच्या शेवटच्या ओळीत नोंदवा.